पापणीला नरम लागलं पाहिजे

कापड हातात आलं की बाकीच्या बायका ते बोटांत चोळून बघतात, नाहीतर उजेडाकडे धरून बघतात. जिजी ते डोळ्याला लावायची. आधी डोळे मिटायची, मग तुकडा पापणीवरून हळूच फिरवायची आणि क्षणभर अगदी गप्प व्हायची. समोरच्यानेही गप्प बसायचं. मग निकाल लागायचा. "न्हाई चालायचं. टोचतंय." किंवा, "हां, नरम हाय. ठिवा बाजूला." लेकराचं अंग म्हणजे सगळी पापणीच असते, असं तिचं म्हणणं होतं. लहानपणी मला वाटायचं की जिजीचे डोळे दुखतात आणि ती बिचारी शेकायला चिंध्या मागत गावभर फिरते. मी तसं तिला एकदा विचारलंसुद्धा. ती इतकी हसली की हातातली सुई ओवायची राहून गेली.

जिजी आमच्या नात्यातली नव्हती. आमच्या घरामागे, ओढ्याच्या अंगाला तिचं घर होतं. नवरा मेंढरं राखायचा. पाऊसकाळ सरला की कळप घेऊन तो दिंद्रुडकडच्या काळ्या रानांत निघून जायचा, ते थेट पुढच्या पेरणीच्या सुमाराला परतायचा. मधल्या काळात जिजी, तिच्या शेळ्या आणि चिंध्यांचं एक भलंमोठं बोचकं, एवढाच तिचा संसार. कडा गावाच्या अलीकडचं आमचं गाव तेव्हा लहान होतं, आणि गावात जन्मलेल्या बहुतेक लेकरांचं पहिलं दुपटं, म्हणजे छोटी गोधडी, जिजीच शिवायची. मोठ्यांच्या जाड वाकळा कुणीही शिवाव्यात, त्याला तिची हरकत नसे. "थोरल्या मानसाला काय, पोत्यावर बी झोप येती," ती म्हणायची. घरात एवढी लोकर, पण लेकराजवळ तिने ती कधी फिरकू दिली नाही. नवऱ्याने एकदा कौतुकाने कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर तिच्यापुढे ठेवली, तर म्हणाली, "कोकराचं कोकराला ऱ्हाऊ द्या. लेकराला सूतच पायजे."

जुन्या कापडावर तिची नजर फार आधीपासून असायची. आधी म्हणजे कापड नवं असतानाच. लग्नात कुणी कोरं लुगडं नेसून मिरवत असायची, आणि जिजी जवळ जाऊन तिच्या पदराचं टोक चिमटीत धरायची. "लई ग्वाड रंग हाय. विरलं की मला दे बरं का." नवी नवरी गोरीमोरी व्हायची. तिची सासू खेकसायची, "जिजे, अगं तिची हळद उतरली न्हाई अजून, आन् तू फाटायच्या गोष्टी काय करतीस!" जिजीला त्यात काही वावगं वाटत नसे. कापड विणलं जातं ते शेवटी लेकराच्या अंगाखाली जाण्यासाठी. मधली काही वर्षं मोठी माणसं ते वापरून मऊ करून देतात, एवढाच त्यांचा त्यात भाग, असा तिचा सरळ हिशोब. माझ्या वडिलांच्या धोतरांवरही तिचा डोळा होता. वडील सोसायटीचे सेक्रेटरी, धोतर कायम पांढरंशुभ्र. ते मीटिंगला निघाले की ही कुंपणापलीकडून विचारायची, "दादा, धोतर अजून विरलं न्हाई व्हय?" वडील आईला म्हणायचे, "ही बाई मला सुखाने धोतर नेसू द्यायची नाही."

सोसायटीच्या दुकानात त्या काळी कंट्रोलचं, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाचं कापड यायचं. एका खेपेला गठ्ठ्यात एकच छाप आली, निळ्यावर बारीक पिवळी फुलं. दुसरं काही नव्हतंच. त्या दिवाळीला पोरींची परकर-पोलकी, पोरांचे सदरे, उशांचे अभ्रे, एवढंच काय सोसायटीच्या दाराचा पडदाही निळ्यावर पिवळा. जत्रेत आयांना आपली पोर कोणती ते कळेना. सगळं गाव स्वतःला हसलं, जिजी तेवढी हिरमुसली. "आता पुढचे किती साल समद्या लेकरांच्या नशिबी ह्येच फूल," ती वडिलांना म्हणाली. "दादा, तुमच्या चेअरमनला म्हनावं, जरा डोळे उघडून माल घेत जा." वडिलांनी हा ठराव मीटिंगमध्ये मांडला की नाही ते ठाऊक नाही. पण पुढच्या गठ्ठ्यात तीन छापा आल्या आणि जिजी दिवसभर आपणच आणल्यासारखी सगळ्यांना सांगत फिरली.

दुपट्यासाठी रंग निवडायचे म्हणजे तिचा दिवस मोडायचा. आमच्या ओसरीवर ती सगळे तुकडे पसरायची, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक खडा ठेवायची आणि मग लांब जाऊन, मान वाकडी करून बघायची. तिथून परत यायची, एक तुकडा इकडचा तिकडे करायची, पुन्हा लांब. तिच्या कामाची घाई कुणी करायची नाही. डोक्याकडे फिकट रंग आणि पायाकडे गडद, हे ठरलेलं. मी म्हटलं, का? तर म्हणाली, "लेकरू पायानं मळवतं, डोक्यानं न्हाई." उशाशी मात्र धोतराचा पांढरा पट्टा हवाच हवा. मला वाटायचं ते शोभेसाठी. "शोभा कशाची? पांढऱ्यावर इंचू दिसतो." आमच्या रानात विंचवांना तोटा नव्हता. मध्यभागी लाल, कारण लेकराला सगळ्यात आधी लालच दिसतं, असं ती अगदी ठामपणे सांगायची. हे तिला कोणत्या लेकराने सांगितलं होतं कोण जाणे. लाल आणि हिरवा मात्र शेजारी शेजारी कधीच नाही. "ते दोघं भांडतेत. मधी पिवळा बशिवला की गप ऱ्हातेत."

बाळ पोटात असताना ती कात्रीला हात लावत नसे. जन्मल्यावरही लगेच नाही. आधी ती बाळंतिणीच्या खोलीत येऊन नुसती बसायची. बाळाला मांडीवर घ्यायची, तेल चोळायची, न्हाऊ घालायची, आणि बघत राहायची. ते रडकं आहे की गप्प, चुळबुळ करतं की निवांत पडतं, मुठी मिटून झोपतं की उघड्या ठेवून. "हे लई इकडंतिकडं बगतंय," असं एखाद्या लेकराविषयी ती म्हणायची. "ह्याला बारीक बारीक तुकडे नको. डोळे शिणतेल. मोठं मोठं घालते." मग ती कापड मागायला निघायची, आणि तेही कुठूनही नाही. ज्या घरात पोरंबाळं सुखाने वाढली त्याच घरचं. लेकुरवाळ्या बाईचं लुगडं, ज्याने चार नातवंडं खांद्यावर खेळवली त्या आजोबाचा पटका. त्या कापडाबरोबर त्या घरची बरकत लेकराकडे येते, अशी गावाची समजूत होती आणि जिजीचीही होती.

गावभरच्या त्या कापडांत एक कापड कधीच नसायचं. तिचं स्वतःचं. जिजीला दोन लेकरं झाली होती. एक पाळण्यातच गेलं, दुसरं रांगायला लागल्यावर. नंतर काही झालं नाही. ती त्यांच्याबद्दल बोलत नसे. त्यांची नावंही आम्हाला माहीत नव्हती. गावाने तिला तोंडावर कधी काही ऐकवलं नाही, कारण तिच्यावाचून गावाचं अडत होतं. ऐकवल्याचं माझ्या आठवणीत एकच आहे, आणि तेही शब्द म्हणून काही कठोर नव्हतं. चेअरमनच्या थोरल्या मुलाचं बारसं होतं. जिजीने दुपटं पाळण्यात अंथरलं. शेंदरी, पिवळं, पोपटी, असं काही सुरेख जमलं होतं की बायका पाळण्याऐवजी दुपटंच बघत होत्या. चेअरमनीणबाईंनी जिजीची खणानारळाने ओटी भरली, हातावर गूळखोबरं ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जिजी, राग मानू नका. ह्यात तुमच्याकडचं काही घातलं न्हाई ना?"

"न्हाई बाई," जिजी म्हणाली. "मला कळत न्हाई का तेवढं?" आणि तिने गूळखोबरं पदराच्या गाठीला बांधलं.

परत येताना आई रागाने फणफणत होती. त्या बाईला जनाची नाही तर मनाची तरी लाज, वगैरे तिचं चाललं होतं. जिजी माझा हात धरून शांतपणे चालली होती. "जाऊ द्या वैनी," ती म्हणाली. "ती बी आईच हाय. आईला भ्या वाटतंच. मी बी इचारलं असतं."

मग मोठा दुष्काळ पडला, आणि त्यातच माझा भाऊ दत्तू जन्मला. विहिरींचे तळ दिसायला लागले होते, जनावरं छावणीत नेऊन सोडली होती, आणि घरटी एक-दोन माणसं तरी खडी फोडायच्या कामावर होती. जिजीही जायची. तिच्या नवऱ्याने मेंढरं कुठल्या कुठे नेली होती, निरोप नव्हता. अशा वर्षात जुनं कापड कुणाकडे असणार? बायकांकडे नेसूचं एकच, ते अर्धं नेसून अर्धं वाळवायचं. जे फाटलं होतं ते टाचून अंगावरच होतं. जिजीचं बोचकं रिकामं झालं. आई म्हणाली, "राहू द्या जिजी, एखादं पोतं उसवून अंथरीन." पोतं म्हटल्यावर जिजीच्या डोळ्यांत खराखुरा राग आला.

तिने खडीवरच्या बायकांना गाठलं. दगड फोडताना हाताला लागू नये म्हणून बायका बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. पण त्या चिंध्या तिने मागितल्या नाहीत. तिने मागितला लुगड्याचा काठ, आतल्या बाजूचा, जो खोचला की दिसत नाही. बोटभर रुंदीची एक पट्टी. एवढी पट्टी गेल्याने लुगडं काही आखूड होत नाही. बायकांनी जेवणाच्या सुट्टीत दाताने टोक फाडून पट्ट्या काढून दिल्या. दत्तूचं दुपटं तसं झालं, सगळं उभ्या पट्ट्यांचं, एकीचा रंग दुसरीला लागलेला. ज्वारीच्या पेरलेल्या वावरासारखं ते दिसायचं. त्या वर्षी हिरवं वावर म्हणून तेवढंच होतं.

या दुपट्याच्या वेळी आईने एक चूक केली. जिजीचं लुगडं आमच्या दाराच्या कडीत अडकून त्याची एक लांब चिरफळी निघाली होती. आईने ती जपून ठेवली, धुतली आणि जिजीचं लक्ष नसताना बाकीच्या पट्ट्यांत मिसळून टाकली. रंगाने ती इतरांसारखीच, विटकी जांभळी. आईला वाटलं, एवढ्या पट्ट्यांत काय कळणार. जिजी एकेक पट्टी डोळ्याला लावून शिवत चालली होती. ती पट्टी हातात आली, पापणीला लागली, आणि जिजीचा हात तिथेच थांबला. तिने डोळे उघडले नाहीत. मग ती पट्टी आईच्या हातात देऊन म्हणाली, "वैनी, मला फशिवता व्हय? मी समद्या गावाचं कापड वळखते, मग माझं वळखायची न्हाई?"

"तुमचं आलं तर काय होतंय, जिजी?" आई म्हणाली.

"काय होतंय ते म्या दोनदा बगितलंय," जिजी म्हणाली, आणि पुढची पट्टी उचलली.

आईने पुन्हा तसं काही केलं नाही. पण ती पट्टी तिने टाकलीही नाही, आपल्या ट्रंकेत ठेवून दिली. दत्तू त्या पट्ट्यांवर वाढला, दांडगा झाला, आणि दुपट्याची शेवटी पायपुसणी झाली. जिजीने त्याला त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

माझं लग्न झालं आणि मी परळीला गेले. नवरा वीज केंद्रात होता. तिथे दोरीवर कपडे वाळत घातले की वाळेपर्यंत त्यांच्यावर राखेचा हात फिरलेला असायचा. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा जिजी पुष्कळ थकलेली दिसली. मधल्या काळात तिचा नवरा गेला होता, मेंढरं विकली होती. नजर अधू झाली होती, सुईत दोरा दुसऱ्याला ओवून द्यावा लागे. पण बोचकं होतं तेवढंच मोठं होतं. मला मुलगी झाली. जिजी येऊन बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि चार दिवस नुसती बघत राहिली. मग तिने मला रंग विचारले. मी हौसेने म्हटलं, सगळं पांढरं हवं, मासिकात बघितलंय. "येडी का खुळी गं तू सुमे? परळीला राख पडती म्हनतीस आन् पांढरं मागतीस!" तिने ओसरीवर खडे मांडायला घेतले. या वेळी तिला रंग नीट दिसत नव्हते. ती तुकडा उचलायची, मी रंग सांगायचे. ती मान डोलवायची आणि तो बरोबर जागी ठेवायची.

सगळं मांडून झालं. मध्यभागाची जागा तिने मोकळी ठेवली होती, लाल तुकड्यासाठी. मी म्हटलं, "जिजी, इथे तुमच्या लुगड्याचा तुकडा घाला."

ती ऐकलं न ऐकलं करून खडे वेचायला लागली. मी पुन्हा म्हटलं. मी हट्टी आहे, आणि त्यात नुकती आई झालेली, म्हणजे विचारायलाच नको. "तुमचं कापड नसेल तर मला दुपटंच नको," मी म्हटलं. जिजीने सगळे तुकडे गोळा केले, बोचक्यात भरले आणि उठली. "माझं कपाळ आता असं मोकळं, पदरी काय ऱ्हायलं न्हाई, आन् तू ह्या जिवाला माझं अंथरतीस? कशाला माझा जीव टांगनीला लावतीस?" एवढं बोलून ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी घाबरले. मला वाटलं, लेकीचं कौतुक करायच्या नादात आपण म्हातारीचं दुःख उकरून काढलं.

शेवटी आईच तिला घेऊन आली. पोरगी रडून रडून लाल झालीय, कुणाकडे राहात नाही, असं आईने तिला सांगितलं, आणि ते खरंच होतं. जिजीने तिला उचललं, मांडी घातली, पदर पसरून त्यावर निजवलं आणि पाठीवर थापटायला लागली. थोड्या वेळात पोरगी झोपली. तिच्या मुठीत जिजीचा पदर होता. आई समोर तांदूळ निवडत होती. वर न बघता ती म्हणाली, "जिजी, ही आत्ता कशावर झोपलीय?"

जिजीचा थापटणारा हात थांबला.

"दत्तू कशावर झोपायचा? सुमी? चेअरमनचा थोरला? ह्या गावातलं कुठलं लेकरू तुमच्या मांडीवर, तुमच्या लुगड्यावर झोपलं नाही? न्हाऊन झाल्यावर सगळ्यांना तुम्ही ह्याच पदराने पुसलंत. कुणाला काय झालं?"

तांदूळ निवडायचा आवाज तेवढा येत राहिला. जिजी खाली बघत होती, पोरीच्या मुठीकडे. मग मोकळ्या हाताने तिने आपल्याच पदराचं दुसरं टोक उचललं, डोळे मिटले आणि ते पापणीला लावलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं.

"नरम हाय गं," ती म्हणाली. "माझं बी लई नरम हाय."

तिने घरून जुनं तांबडं लुगडं आणलं. स्वतःच्या हाताने त्याचा चौकोन कापला आणि मधोमध बसवला. टाके पूर्वीसारखे बारीक जमले नाहीत, पण मला त्या दुपट्याएवढं सुंदर काही आजवर मिळालेलं नाही. ज्या दुपारी पोरीला पहिल्यांदा त्यावर निजवलं, त्या दुपारी जिजी जेवली नाही. पाळण्याशेजारी बसून तिने एक हात पोरीच्या छातीवर ठेवला होता, दाबायचा नाही असा अलगद. श्वास वर आला की तिचा हात वर, खाली गेला की खाली. आईने ताट आणलं, ते तसंच राहिलं. उन्हं कलली. पोरगी जागी झाली, तोंड वाकडं करून भोकाड पसरलं आणि दुपट्यावर मुतली. "उठली गं माय, उठली!" जिजी ओरडली. सगळी गल्ली गोळा व्हावी एवढ्या मोठ्याने. ओलं दुपटं उराशी धरून ती हसत होती आणि मला म्हणत होती, "बग, बग, कशी रडतीया! काय बी झालं न्हाई."

ही गोष्ट गावात लपून राहणं शक्यच नव्हतं. आई पत्रातून कळवायची. आधी शेजारच्या सुनेने भीत भीत जिजीच्या लुगड्याचा तुकडा मागितला, मग तिच्या जावेने, मग दर बारशाला मागणं यायला लागलं. जिजीकडे लुगडी होती ती किती? "आता मला लुगडी पुरायची कशी वैनी?" अशी तक्रार ती करायची, आणि तक्रार करताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा, असं आईने लिहिलं होतं. तेव्हा बायकांनीच तोड काढली. घरात कुणाला दिवस गेले की जिजीला एक लुगडं घ्यायचं. जिजीने ते नेसायचं, धुवायचं, मऊ करायचं, आणि बाळ झालं की त्यातला तुकडा घालायचा. जन्मभर ती दुसऱ्यांची लुगडी विरायची वाट बघत होती. आता सगळं गाव तिचं लुगडं विरायची वाट बघायला लागलं.

चेअरमनीणबाई सगळ्यात शेवटी आल्या. ज्या मुलाच्या बारशाला त्यांनी तो प्रश्न विचारला होता, त्याच मुलाच्या बायकोला दिवस गेले होते. त्यांनी मोरपंखी रंगाचं कोरं लुगडं जिजीपुढे ठेवलं आणि उभ्याच राहिल्या. बस म्हटलं तरी बसेनात. "तुमी नेसा जिजी," म्हणाल्या. "माझ्या नातवाला तुमचंच पायजे." जिजीने लुगड्यावरून हात फिरवला. "लई खळ हाय बाई ह्याला. येळ लागंल," ती म्हणाली. तेव्हा पुन्हा पाऊस हुलकावणी देत होता, हापशावर घागरींची रांग लागायची. पण जिजी ते मोरपंखी लुगडं घेऊन धुवायला आली की बायका आपली घागर बाजूला सरकवायच्या.

ते मऊ व्हायच्या आतच ती गेली. ताप आला, दोन दिवस पडून होती, आणि सकाळी आई पेज घेऊन गेली तेव्हा उठली नाही. मी परळीहून पोचले तेव्हा अंगणात बायका दाटल्या होत्या. काहींच्या कडेवर लेकरं होती. चेअरमनीणबाई आईबरोबर आत होत्या. त्यांनी जिजीचं जुनं, विटलेलं लुगडं घडी करून छातीशी धरलं होतं, ते त्या आपल्या घरी नेणार होत्या. आणि जिजीला दोघींनी मिळून मोरपंखी नेसवलं. आई पदर पुन्हा पुन्हा खांद्यावरून नीट करत होती, पण तो अंगाबरोबर बसेना, उभाच राही. कापड अजून फार कोरं होतं.